पाठमोरा परीक्षक

आमच्या शेजारच्या गोर्डेभाऊंना देवानं दोन कान दिले, दोन डोळे दिले, त्यातले डोळे वापरायचे तेवढे राहून गेले. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. म्हणजे चेष्टेनंच म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

रामकिसन गोर्डे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे पैठणकडचे, घरची बागायत. भावांनी शेती धरली, ह्यांनी चितेगावच्या एका कंपनीत नोकरी धरली अन् पैठण रोडला आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. कंपनीत ते क्वालिटीला आहेत. मशीनमधून निघालेला माल उचलायचा, उलटासुलटा करून बघायचा अन् रिजेक्ट म्हणून लाल खोक्यात टाकायचा, हे त्यांचं काम. पगार कंपनी देते, सवय मात्र ते घरी फुकट आणतात. भाजीवाल्याची कोथिंबीर रिजेक्ट. माझ्या दारातली रांगोळी रिजेक्ट. माझ्या नवऱ्याचं, धम्मपालचं, गाडी लावणं तर रोजच रिजेक्ट. त्यासाठी भाऊ चहाचा कप घेऊन मुद्दाम फाटकाशी येऊन उभे राहतात.

अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट पसंत पडली. एक नाटक.

'रावसाहेब गावाला गेले'. जुनं, तीन अंकी, विनोदी. आपल्या आईबापांच्या काळात म्हणे लोक बैलगाड्या जुंपून याच्या प्रयोगाला जायचे. गोष्ट सोपी आहे. रावसाहेब नावाचा एक कडक गृहस्थ. घरातले आपल्यामागं काय करतात ते बघायला तो गावाला गेल्याचं सोंग करतो अन् दिवाणखान्यातल्या कपाटात लपून बसतो. पहिल्याच अंकात घरातल्या सगळ्यांना कळतं, की स्वारी कपाटात आहे. सगळ्यांना कळलंय हे फक्त रावसाहेबांना कळत नाही. मग बायको, मुलगी, मुलीला आवडलेला मुलगा, मोलकरीण, सगळे कपाटाकडं तोंड करून गोड गोड बोलतात अन् हवं ते करून घेतात.

लग्न नवीन असताना भाऊंनी औरंगपुऱ्यातून या नाटकाच्या कॅसेटी आणल्या होत्या. टेपवर ऐकायच्या कॅसेटी, बघायच्या नव्हेत. त्या त्यांनी इतक्या वाजवल्या की फीत कुरकुरायला लागली. कंपनीच्या बसमध्येसुद्धा ड्रायव्हरला लावायला सांगायचे. अख्खी शिफ्ट चितेगावपर्यंत रावसाहेबांचं बोलणं ऐकत जायची. शेवटी लोकांनी युनियनकडं तक्रार केली, तेव्हा कुठं बसची रावसाहेबांतून सुटका झाली. भाऊ म्हणाले, माणसांचीच क्वालिटी राहिली नाही.

त्यातलं त्यांचं लाडकं वाक्य दुसऱ्या अंकाच्या शेवटी येतं. रावसाहेब कपाटातून भरदार आवाजात म्हणतात, "या घरात पानसुद्धा माझ्या नजरेआड हलत नाही." त्यावर कॅसेटमधले लोक छप्पर उडंल असे हसतात. भाऊंना ते हसणं कधी पटलं नाही. त्यांच्या मते ते वाक्य म्हणजे नाटकाचं सार, संसार कसा करावा याचा उपदेश. प्रयोग पुण्यातला होता, अन् तिकडच्या लोकांना गंभीर गोष्टीला हसायची खोड असते, असा निकाल देऊन ते तेवढ्यापुरता आवाज बारीक करायचे. स्वतः मात्र ते वाक्य घरात मोठ्यानं वापरायचे. प्रेरणाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, कॉलेजातून यायला उशीर झाला की वाक्य. चतुराबाईंनी भिशीला जायचं काढलं की वाक्य. चतुराबाई म्हणजे भाऊंची बायको. गरीब बाई. म्हणजे मला तरी तसं वाटायचं.

पुढं प्रेरणा औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. डोळे तपासायचं रीतसर शिकलेली आहे ती. पहिल्या पगारात तिनं बापाला त्याच नाटकाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आणून दिलं, पेन ड्राइव्हवर, टीव्हीला लावून बघायचं. पुण्याचा तोच प्रयोग. कुणीतरी तेव्हा शूटिंग करून ठेवलं होतं. भाऊंनी टीव्ही लावला, खुर्चीत बसले अन् डोळे मिटले.

पोरगी म्हणाली, "बाबा, बघा तरी."

"मला पाठ आहे," भाऊ म्हणाले.

झालं. जिच्या हाताखालून शहरातले निम्मे डोळे जातात, तिला घरातलेच दोन उघडता आले नाहीत.

मग प्रेरणासाठी स्थळं यायला लागली, अन् भाऊंच्या डोक्यातून ती अचाट कल्पना निघाली. त्यांचं म्हणणं असं, की माणूस बोलताना फसवतो, वागताना फसवतो, पगार सांगताना तर फसवतोच. पण हसताना सापडतो. म्हणून बघायला आलेल्या मुलाला पोहे द्यायचे, सोफ्यावर बसवायचं अन् 'रावसाहेब' लावायचं. पूर्ण. तीनही अंक. आपण स्वतः टीव्हीखाली खुर्ची टाकायची, टीव्हीकडं पाठ अन् पाहुण्यांकडं तोंड करून, हातात रिमोट घेऊन. नाटक कानानं ऐकायचं अन् डोळ्यांनी पोरगं तपासायचं. कुठं हसतो, कसा हसतो, किती हसतो.

जालन्याचा एक इंजिनिअर आला, राजकुमार नावाचा. बिचाऱ्याला वाटलं सासऱ्याला आवडतंय तर हसावं. तो पडदा उघडायच्या आधीच्या घंटेपासून हसायला लागला. भाऊ म्हणाले, ह्याचं हसू स्वस्त आहे. पैठणचे एक प्राध्यापक आले, त्यांनी पहिल्या अंकानंतर अभिनय जरा बटबटीत वाटतो असं मत दिलं. त्यांना दुसरा अंक दाखवलाच नाही. अन् इंद्रजीत म्हणून एक बँकेतला होता, देखणा, निर्व्यसनी, मला तर फार आवडला होता. तो सगळीकडं बरोब्बर हसला. पण त्या लाडक्या वाक्याला पण हसला, तेही पोट धरून. मोठ्या माणसाला हसतो म्हणून रिजेक्ट. त्या इंद्रजीतला आता गोंडस मुलगी आहे. भाऊ अजून म्हणतात, वाचलो.

आता ते वाक्य आलं की पोरं का फुटायची, ते ऐका. ते ऐकायचं नाहीच, बघायचं आहे. रावसाहेब कपाटात शिरताना धोतराचा सोगा दारात अडकलेला असतो. चांगला हातभर बाहेर. अन् आत रावसाहेब भरदार आवाजात पानसुद्धा हलत नाही म्हणत असतात, तेव्हा बाहेर मोलकरीण त्याच सोग्यानं फरशी पुसत असते. कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून ओढून घेते. नंतर त्यालाच नाक पुसते.

हे भाऊंना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं कॅसेट ऐकलेली, व्हिडिओ आला तर डोळे मिटलेले, पाव्हणे आले तर टीव्हीकडं पाठ. त्यांना सांगणार कोण? कॉलनीत भाऊंना काही सांगायची पद्धत नाही. ते सांगतात, आपण ऐकायचं.

मग आला ऋतुराज. ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहे, शेतावर जाऊन नळ्यांची मापं काढतो. हा प्रेरणाच्या दुकानात डोळे तपासायला आला अन् तिला बघून भिंतीवरची मोठी मोठी अक्षरंसुद्धा चुकीची वाचली. पुन्हा आला, पुन्हा चुकीची वाचली. डोळे धडधाकट असलेला माणूस प्रेमापायी चष्मा लावून फिरायला लागला. प्रेरणानं शेवटी खरा नंबर काढला अन् चष्मा काढून ठेवायला लावला. दोघांचं जमलं. जातपात, पत्रिका, सगळं जुळणारं. पैठणच्या मावशीला हाताशी धरून तिनं हे स्थळ असं आणलं, की जणू आपल्याला त्यातलं काही माहीतच नाही. मला ठाऊक होतं, धम्मपालना ठाऊक होतं, चतुराबाईंना तर सगळ्यात आधी ठाऊक होतं. गोर्डेभाऊंनी स्थळाचा कागद वाचून मुलगा बरा दिसतोय म्हटलं अन् रविवारी बोलवा, बसवू नाटकाला, असा हुकूम दिला.

त्या दिवशी पोरगी भिंतीवरून माझ्याकडं आली, तोंड एवढंसं करून.

"काकू, हा नापास झाला ना, तर मी दुसरा बघणार नाय. अन् बाबांनी रिजेक्ट केलेलं परत उचलल्याचं तुम्ही कधी बघितलंय?"

मी म्हटलं, मग सरळ कोर्टात जाऊन सही करून मोकळी हो. त्यावर ती म्हणाली, "जाईन की. पण आई त्याच घरात राहणार. रोज त्याच माणसासमोर." मी तिला म्हटलं, घेऊन ये त्याला.

तर भाऊ कंपनीत असताना, आमच्या टीव्हीला तोच पेन ड्राइव्ह लावून, आमच्या सोफ्यावर ऋतुराजचा हसण्याचा क्लास सुरू झाला. पोरगं सोनं आहे, पण हसण्याच्या बाबतीत ट्यूबलाइट. विनोद झाला की हा आधी विचार करतो. समोरची पात्रं आत निघून जातात, दिवाणखान्यात दुसराच कुणी येतो, तेव्हा ह्याचे खांदे हलायला लागतात. खांदेच, आवाज नाही. प्रेरणा म्हणाली, अरे, बाबांना ऐकू जायला पाहिजे. मग धम्मपालनी त्याला आवाज काढायला शिकवलं. माझा नवरा हसला की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसतं. त्यामुळं गुरू योग्य होता. पोरगं घाम पुसत पुसत हसायला शिकलं. पहिला अंक बसला, दुसराही बसत आला. अन् मग सोगा आला.

ऋतुराज सोफ्यावरून खाली घसरला. इथं मात्र उशीर नाही, विचार नाही. पुन्हा लावलं, पुन्हा घसरला. प्रेरणा चिडून रडकुंडीला आली. तिनं त्याला बजावलं, की बाकी कुठं चुकलं तर सांभाळून घेता येईल, इथं हसलास तर संपलं. खाली बघ, पायाचे अंगठे बघ, गावाकडच्या कर्ज काढून खोदलेल्या विहिरीची आठवण काढ, पण टीव्हीकडं बघू नको. शेवटच्या दिवशी तो वाक्य होईस्तोवर ओठ दाबून बसला. चेहरा वांग्यासारखा झाला, पण बसला.

रविवारी मंडळी आली. मुलगा, आईवडील अन् सखाराममामा. मामा म्हणजे प्रत्येक लग्नात असतो तसला माणूस. चार शब्द ऐकले की पाचवा प्रश्न विचारणारा. मी पोहे करायला मदतीला म्हणून गेले होते. कशाला गेले होते ते तुम्हाला कळतंच आहे.

पोहे झाले. भाऊंनी खुर्ची टीव्हीखाली ओढली, पाठ फिरवली, रिमोट मांडीवर ठेवला. नेहमीसारख्या चतुराबाई सैपाकघराकडं वळल्या, कारण नाटक चालू असताना पाव्हण्यांना भजी अन् चहा लागतो, अन् तो आपोआप होत नाही. इतक्या स्थळांना हे नाटक दाखवलं, पण त्या बाईनं ते कधी बघितलं नव्हतं. कढईपाशी उभं राहून ऐकलेलं, बस. पण ऋतुराजच्या आईनं त्यांचा हात धरला अन् आपल्याशेजारी बसवूनच घेतलं. म्हणाल्या, बसा हो, पोरगं बघायचं तर तुम्हीबी बघा, सैपाक काय पळून चाललाय? चतुराबाई नवऱ्याकडं बघत बघत, कडेला टेकल्या. झारा माझ्या हातात आला. मी दारातच उभी राहिले, एक डोळा कढईत अन् एक हॉलमध्ये.

पहिला अंक छान गेला. ऋतुराज शिकवल्यासारखा हसला, आवाजासकट. भाऊंची मान दोनदा हलली, अन् प्रेरणानं माझ्याकडं बघितलं. मामा मधेमधे हा कोण, ती कोण, तो कपाटात का गेला, असं विचारत होते अन् भाऊ दर वेळी रिमोट दाबून, नाटक थांबवून त्यांना समजावून सांगत होते. पडद्याकडं न बघता. बोटानं मागं दाखवत.

दुसरा अंक संपत आला. मला वाटतं, भजी करपायला लागली होती. ऋतुराजनं मान खाली घातली अन् स्वतःच्या मोज्यांकडं बघायला लागला. भाऊ ताठ झाले. हे वाक्य आलं की ते राष्ट्रगीत लागल्यासारखे बसतात. कपाटातून आवाज आला, "या घरात पानसुद्धा माझ्या नजरेआड हलत नाही."

ऋतुराज हलला नाही. शाबास पोरा, मी मनात म्हटलं.

हसल्या चतुराबाई.

आधी नाकातून एक फुस्स झालं. मग पदर तोंडात गेला. मग पदराचं काही चालेना. त्या बाईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, अन् ती अशी हसली की टीव्हीतले पुण्याचे लोक ऐकू येईनात. विहीणबाई हसल्या, मामा न विचारता हसले. अन् बिचारं पोरगं, मोज्यांकडं बघतच होतं, पण सासूच्या हसण्यानं त्याचा बांध फुटला. तो असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

भाऊंनी रिमोट दाबला. टीव्हीवर चित्र थांबलं. बरोब्बर त्यांच्या डोक्यावर मोलकरीण सोगा ओढत थांबलेली अन् खाली खुर्चीत भाऊ, चेहरा रावसाहेबांसारखा. हे बघून आणखी कुणी हसलं नाही, ही परमेश्वराची कृपा. मी झारा तोंडावर धरला.

"इथं काय हसण्यासारखं होतं?" भाऊंनी ऋतुराजला विचारलं. अगदी हळू आवाजात.

ऋतुराज उठून उभा राहिला. म्हणाला, "काही नाही, काका. चुकलं."

"चुकलं असंल तर माझं चुकलं," चतुराबाई म्हणाल्या. त्या अजून डोळे पुसत होत्या. "अहो, जरा मागं वळून बघा."

"मला पाठ आहे."

"पाठच हाय तुमची तिकडं. वळा की."

भाऊ वळले. माझ्या आठवणीत बायकोनं सांगितलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असावं. बराच वेळ बघत राहिले. मग उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, थोडं मागं नेऊन पुन्हा लावलं. कपाट, आवाज, सोगा, फरशी, नाक. पुन्हा मागं नेलं. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडं बघत होतो. कंपनीत माल हातात घेऊन असेच उलटासुलटा करत असतील.

मामांना राहवेना. त्यांनी विचारलं, पाव्हणं, तुम्ही हे आधी बघितलं नव्हतं का?

चतुराबाई बोलल्या, नवऱ्याकडं न बघता, विहीणबाईंना सांगितल्यासारखं. "मीबी नव्हतं बघितलं. इतकी वर्षं सैपाकघरातून नुसतं ऐकतेय. मलाबी वाटायचं, लई मोठा माणूस असंल."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. पानसुद्धा नाही, म्हणणार होते, पण जाऊ द्या.

मग त्यांनी पदर खोचला अन् नवऱ्याकडं सरळ बघितलं. "या पोराला नापास करायचं तर मलाबी करा. मी त्याच्या आधी हसलेय. अन् नापास बाईच्या हातचा डबा कंपनीत नेऊ नका उद्यापासून."

भाऊंनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा जावयाकडं. जावई अजून उभाच होता, हात बांधून, शाळेत असतो तसा. भाऊंच्या तोंडावर मी काय काय आलेलं बघितलं म्हणून सांगू? राग आला, गेला. लाज आली, ती मात्र लवकर गेली नाही. शेवटी ते मला म्हणाले, "सरितावहिनी, काहीतरी जळतंय."

भजी टाकून द्यावी लागली. मी परत दाराशी आले तेव्हा खुर्ची टीव्हीखालून सरकलेली होती अन् भाऊ सोफ्यावर, ऋतुराज अन् मामांच्या मधे, दाटीवाटीनं बसलेले होते. टीव्हीकडं तोंड करून. तिसरा अंक चालू होता. ऋतुराज आता शिकवलेलं सगळं विसरून आपल्या मूळ पद्धतीनं हसत होता, म्हणजे विनोद होऊन गेल्यावर, खांदे हलवत. भाऊ त्याच्याकडं तिरपं बघत होते. एका ठिकाणी तर दोघांचे खांदे बरोबरच हलले, अन् दोघंही उशिरा. प्रेरणानं ते बघितलं अन् ती उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

पडदा पडला तेव्हा मामांनी विचारलंच, मग काय ठरलं म्हणायचं?

"ठरायचं काय त्यात?" भाऊ म्हणाले. "तारीख काढा."

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पेढ्यांचा खोका घेऊन आमच्याकडं आले. धम्मपालनी लावलेली गाडी बघून नेहमीसारखे थांबले, काही न बोलता आत आले. त्यांच्या मागं चतुराबाई. अलीकडं त्या बरोबर येतात. भाऊ खुर्चीत ऐसपैस बसले अन् सांगायला लागले, की त्या सोग्याचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मुद्दाम पाठ करून बसायचे. सगळे सासऱ्याला घाबरून ओठ दाबतात, पण खरं हसायची हिंमत कुणात आहे ते त्यांना बघायचं होतं. ती हिंमत एकट्या ऋतुराजमध्ये निघाली.

मला त्या बिचाऱ्या इंद्रजीतची आठवण झाली. चतुराबाई खिडकीबाहेर बघत होत्या, चेहरा अगदी गरीब करून.

माझ्या नवऱ्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी त्यात पेढा घातला.